शेवटचा लाल चौकोन
लोखंडी कड्यांना घातलेल्या खोबरेल तेलाचा वास आला, की मला काशीदचा तो बंगला आठवतो. मुंबईकर मालकांचे बंद बंगले मी सांभाळायचे. खोली न् खोली तपासून एक्सेलमध्ये बिघडलेलं लाल करायचं, दुरुस्त झालं की हिरवं. त्या बंगल्याची मालकीण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येणार होती, आणि एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर काम दुसऱ्याला देईन, असं तिने बजावलं होतं. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या बिजागऱ्या बदलल्या, प्लंबरने गळका नळ दुरुस्त केला, रंगाऱ्याने भिंती रंगवल्या. उरला फक्त 'झोपाळा कुरकुरतो' हा लाल चौकोन. बंगला राखणाऱ्या मावशींनी कड्यांना खोबरेल चोळलं, कुरकुर थांबली आणि मी तो चौकोन हिरवा केला. "झाला ना गो बाय सगला? मंग बस जरा!" म्हणत मावशींनी गरम भजी आणली. मी, मावशी, प्लंबर आणि रंगारी त्याच झोपाळ्यावर दाटीवाटीने बसलो. समोर सुरूचं बन, त्यामागे समुद्राची गाज. पहिल्याच झोक्याला वरची कडी निखळली आणि आम्ही भज्यांसकट धाडकन खाली! नेमकी तेव्हाच फाटकात गाडी थांबली. मालकीण एक दिवस आधीच आली होती. मी धडपडत सांडलेली भजी गोळा करू लागले. मावशी मात्र पडल्या जागेवरूनच ओरडल्या, "बाई, झोपाल्याची तपासनी चाललीय!" मालकीण पोट धरून हसली. "बरं झालं, उद्या इथे माझे सासरे बसणार होते." आज इतक्या बंगल्यांचे तक्ते माझ्याकडे आहेत, पण चौघांनी बसून भजी खाल्ल्याशिवाय मी एकही झोपाळा हिरवा करत नाही.