ओइकावाबाईंचा विसराळूपणा

एका रात्रीसाठी आलेला माणूस किती सामान घेऊन उतरतो, यावरून मी त्याला दारातच जोखायचे. गरम झऱ्यांच्या आमच्या गावात, नदीकाठच्या एकाच सराईत माझं उभं आयुष्य गेलं. पाहुण्यांच्या बॅगा खोलीत न्यायच्या, जेवण मांडायचं, गाद्या घालायच्या आणि सकाळी त्या उचलायच्या. तोक्योहून येणारी जोडपी तर बिऱ्हाड हलवल्यासारखी यायची. अंगात घालायला सुती झगा, युकाता, आम्ही देतो, टॉवेल आम्ही देतो, दात घासायचा ब्रशसुद्धा आम्हीच देतो. तरी त्यांच्या पेट्या जिन्यावरून चढवताना माझी कंबर बोलायला लागायची. सकाळी बघावं तर निम्मं सामान उघडलेलंही नसायचं.

म्हणून ओइकावा सुमिए बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बसच्या दाराकडेच बघत राहिले. बाकीचं सामान मागून उतरत असेल असं वाटलं. बस निघून गेली. रस्त्यावर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. राखाडी कोट, गळ्यात फिकट पिवळा रेशमी रुमाल, चकचकीत बूट, आणि हातात चामड्याच्या मुठीची निळी कापडी बॅग. शाळकरी पोर डबा घालून नेईल एवढीच.

"एवढंच?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"एकच रात्र राहायचंय ना?" त्या म्हणाल्या. "का तुम्ही मला ठेवूनच घेणार आहात?"

सेंदाईतल्या एका मोठ्या दुकानात, वस्तू बांधून देण्याच्या खिडकीशी त्यांनी सगळी नोकरी केली होती. बशा, टोप्या, खरबुजं, काय म्हणाल ते कागदात गुंडाळून हातात द्यायचं. त्यामुळे बॅग भरणं हा त्यांच्या हाताचा खेळ होता. पुढे त्या दर मोसमाला यायला लागल्या आणि आम्ही बायका काम टाकून त्यांच्या खोलीत डोकावायला लागलो. एक मोठं चौकोनी कापड त्यांच्याकडे असायचं. गाडीत ते गुडघ्यांवर पांघरूण, आंघोळीला जाताना गाठोडं, आणि परतीला आमच्या गावच्या लोणच्याची पिशवी. मोजे ब्लाऊजच्या बाहीत आणि ब्लाऊज त्या कापडात गुंडाळलेला. एवढं असूनही बॅगेचा एक कोपरा रिकामा असायचाच.

"तो कशाला रिकामा?" मी एकदा विचारलं.

"येताना काही मिळालं तर? भरलेल्या हातांना कोणी काही देत नाही, साकाएबाई."

रात्रीच्या जेवणाला सगळे पाहुणे आमच्याच युकात्यात. सगळे सारखे, इस्पितळातल्या रोग्यांसारखे. ओइकावाबाईंनी मात्र केस वर घेऊन त्यात लाकडी कंगवा खोवलेला असायचा, आणि गळ्यातला दिवसाचा रुमाल आता खांद्यावर आलेला असायचा. त्या ताटासमोर बसल्या की वाटायचं, ह्यांच्यासाठीच आज मासा भाजलाय. एकटी बाई एकटीच जेवते आहे, हे बघायला एरवी मला नको वाटायचं. पाहुणे अशा वेळी भराभर जेवतात आणि आपल्याकडे बघत नाहीत. ह्या सावकाश जेवायच्या. मी भात वाढायला गेले की विचारायच्या, "नदीला पाणी वाढलंय का हो?" नदीचा आवाज खिडकीतून सरळ आत येत असायचा. तरी मी उत्तर द्यायचे, आणि मग चार वाक्यं व्हायची.

सकाळी त्या निघून गेल्या की खोलीत कोणी राहून गेलंय याची खूण नसायची. म्हणून पहिल्या खेपेला खिडकीजवळच्या उशीखाली चष्म्याचं रिकामं घर सापडलं तेव्हा मलाच नवल वाटलं. मी ते मालकीणबाईंना नेऊन दिलं. आमच्या मालकीणबाई जुन्या वळणाच्या. कोणाचं काही राहिलं की स्वतः फोन करायच्या. त्यांनी केला, आणि जेवणाची वेळ होत आली तरी फोन सुरूच. शेवटी म्हणाल्या, "बरं बरं, ठेवते. पुढच्या वेळी न्या."

पुढच्या वेळी ते घर त्यांनी नेलं आणि हातमोजे विसरून गेल्या. मग कपड्यावर लावायचं एक फूल. मग रुमाल. मालकीणबाईंना वेळ नसला की फोन मला करावा लागायचा, आणि खरं सांगते, सुरुवातीला मी वैतागायचे. इकडे ताटं लावायची खोळंबलेली, आणि तिकडे ह्या विचारणार की मेपलची पानं लाल व्हायला लागली का, सराईतल्या स्वयंपाक्याची पाठ कशी आहे. बोलून झालं की दर वेळी एकच शेवट. "ठेवा तुमच्याकडेच. पुढच्या वेळी आले की नेईन."

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर लागला. विसरलेली वस्तू कुठेतरी सांदीत पडलेली असते. बाईंच्या वस्तू मात्र नंतर नंतर मेजाच्या बरोबर मध्यभागी सापडायच्या, खाली पांढरा कागद अंथरलेला. मी मालकीणबाईंना म्हटलं, "ह्या मुद्दाम करतात."

"मग?" त्या म्हणाल्या. "तुझ्या काय पदरचं जातंय? फोन लाव."

मालकीणबाई थकल्या आणि सराई एका कंपनीला विकून मुलीकडे राहायला गेल्या. कंपनीने इनोमाता नावाचा मॅनेजर धाडला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम होता. पाहुण्याचं काही राहिलं तर आपण फोन करायचा नाही, हा त्यातलाच एक. पाहुण्याने विचारलं तरच द्यायचं, नाहीतर काही महिने पेटीत ठेवून टाकून द्यायचं. सगळीकडे आता असंच असतं म्हणे. कुठल्याशा सराईने कानातलं राहिलं म्हणून पाहुण्याच्या घरी फोन केला, तो बायकोने उचलला, आणि तिने कान टोचलेलेच नव्हते.

त्या वसंतात ओइकावाबाई आल्या. "मालकीणबाई नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यावर मेजावर पांढऱ्या कागदावर त्यांचा केसांतला कंगवा होता. आजवर त्यांनी किडूकमिडूकच ठेवलं होतं. हा कंगवा त्या रोज वापरायच्या.

मी इनोमाताकडे गेले. "नंबर दे. फोन करायचाय."

"मावशी, नियम माहीत आहे ना? लोकांचे संसार मोडतात."

"त्या बाईंचा संसार मोडायला घरात दुसरं आहे कोण?"

"ते आपल्याला कसं कळणार? तुम्ही माझी नोकरी घालवाल." त्याने कंगवा पेटीत टाकला. "त्यांना हवा असला तर त्या विचारतील की."

विसरलेली बाई विचारणार कशी? विचारलं म्हणजे विसरली नव्हती हे कबूल केल्यासारखंच. हे त्या पोराला काय समजावून सांगणार?

बाई उन्हाळ्यात आल्या नाहीत. पानं लाल होऊन गळली, तेव्हाही आल्या नाहीत. बर्फ पडला. मी प्रत्येक बसला बाहेर जाऊन उभी राहायचे आणि इनोमाताला सांगायचे की रस्ता झाडायचाय. मनातून मला भीती वाटत होती. या वयात एखादा मोसम चुकला तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

वर्ष सरता सरता माझंही वय झालं म्हणून मला निरोप दिला. शेवटच्या दिवशी इनोमाता ती पेटी रिकामी करत होता. मी दारात उभी होते. त्याने कंगवा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तो माझ्या हातावर ठेवला. "हा टाकून द्यायचाय. कुठे टाकायचा ते तुमचं तुम्ही बघा."

मी गावातच एक खोली भाड्याने घेतली. नवरा मी तरुणपणीच सोडला होता, मूल नाही. सराईत राहात होते तोवर एकटी आहे हे जाणवायला फुरसत नव्हती. आता सकाळी एकच गादी उचलायची, ती आपली. ताट एकच. नदीला पाणी वाढलंय का, हे विचारणारंही कोणी नाही.

मालकीणबाईंना नवीन वर्षाचं कार्ड बाईंकडून आलं होतं. म्हणजे होत्या, एवढं कळलं. पत्ता त्यांच्याकडून घेतला. फोन नको वाटला. इतक्या महिन्यांनी फोनवर काय सांगणार, तुमचा कंगवा राहिलाय म्हणून? मी जायचं ठरवलं.

लोकांच्या बॅगा उचलण्यात जन्म गेला, पण स्वतःची बॅग एका रात्रीसाठी भरायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. बॅगेत स्वेटर घातला, थंडी पडली तर म्हणून आणखी एक घातला. टॉवेल घातला. छत्री, चपला, औषधं, गावचे वाफवलेले गोड बन. बॅगेची चेन लागेना. ज्यांना आयुष्यभर हसले त्यांच्यातच जाऊन बसले होते. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले आणि कंगवा मात्र कोटाच्या खिशात, हातात धरून ठेवला.

बाईंनी दार उघडलं. घरातसुद्धा गळ्याला तोच पिवळा रुमाल. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बॅगेकडे.

"साकाएबाई? घर सोडून आलात की काय?"

मी कंगवा पुढे केला. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. "हा राहिला होता," एवढंच म्हटलं.

त्या तिथेच दारात, बूट काढायच्या पायरीवर बसल्या. कंगवा हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी वाट बघितली हो. आठवडाभर बाजारातसुद्धा गेले नाही, फोन वाजेल म्हणून. मग म्हटलं, मालकीणबाई गेल्या, आता तिथे आपलं कोण?"

"नियम बदलला," मी म्हटलं. "मला करू देईनात."

"नियम," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही कंटाळलात."

नंतर चहा झाला, मी आणलेले बन आम्ही खाल्ले. बाईंचा गुडघा धरला होता, त्यामुळे आता कुठे जाणं होत नव्हतं. तरी निळी बॅग दाराशी होती, भरलेली. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. नवरा औषधांच्या कंपनीचा विक्रेता, महिन्यातले बहुतेक दिवस बाहेर. त्याची बॅग ह्याच भरायच्या. कितीही नीट भरून दिली तरी तो कुठे ना कुठे काही विसरायचा, आणि त्याच्या मागोमाग सरायांमधून फोन यायचे. चष्मा राहिला, छत्री राहिली, पायजमा राहिला. "तो घरी नसायचा, पण फोन असायचे. अकितापासून फुकुशिमापर्यंतच्या सगळ्या सरायांतल्या बायका मला ओळखायच्या. एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही, पण कोणाची सून कशी वागते ते सगळं माहीत." तो गेला आणि फोन बंद झाला. "तुमच्याकडे चष्म्याचं घर राहिलं ते खरंच विसरले होते. मालकीणबाईंचा फोन आला, आणि मी उभ्यानेच रडले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे."

त्यांनी मला रात्री ठेवून घेतलं. गादी त्यांनी घातली. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, "पाहुण्यांनी बसायचं." इतक्या वर्षांत माझी गादी दुसऱ्या कोणी घातली नव्हती.

सकाळी माझी बॅग त्यांनी उपसली, नाक मुरडलं आणि स्वतः भरली. एकेक जिन्नस हातात घेऊन, घडी घालून, गुंडाळून. चेन अलगद लागली आणि वर एक कोपरा रिकामा राहिला. "बघा, आता काही राहायचं नाही," त्या म्हणाल्या. मी माझा फोन नंबर त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. त्या केसांत कंगवा खोवायला आरशाकडे वळल्या तेव्हा मी खिशातला रुमाल काढला, बनांच्या खोक्यातला पांढरा कागद मेजावर मधोमध पसरला आणि रुमाल त्यावर ठेवून निघाले.

खोलीवर आले ती संध्याकाळ मी फोनजवळ बसून काढली. फोन आला नाही. दुकानात तांदूळ आणायला जायचं होतं, गेले नाही. त्यांनी रुमाल बघितला नसेल असं होणारच नव्हतं. मग वाटलं, बघितला असेल आणि म्हणाल्या असतील, ही तर माझ्याच गळ्यात पडायला बघते. आजवर रिसीव्हरच्या ह्या बाजूला मी कधी बसले नव्हते. त्या बाईंनी असा आठवडा काढला, मग वर्ष काढलं, हे तेव्हा मला नीट कळलं, आणि सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाताला पाणी घालत होते तेव्हा फोन वाजला. ओला हात पुसायलाही थांबले नाही.

"साकाएबाई," पलीकडून आवाज आला, "तुमचा रुमाल राहिलाय हो इथे. कालच सापडला. पण म्हटलं, लगेच केला तर लगेच संपेल."

"ठेवा तुमच्याकडेच," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आले की नेईन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "नदीला पाणी वाढलंय का?"

खिडकी बंद होती. मी ती उघडली आणि बघून सांगितलं.