मुलीचे वडील आडवे आले

पनवेलमध्ये बिनतारी संगणक सगळ्यात आधी मीच आणला, असं मी आजही ठोकून सांगतो. हे खोडून काढू शकणाऱ्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे चालून जातं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर मी संगणक दुरुस्त करायचो. एक मुलगी मला आवडली होती आणि, तिच्या डोळ्यांचा नंबर बघता, तिलाही मी आवडलो होतो. तिचे वडील रोडपालीला राहायचे, मुंबईत मोठ्या कचेरीत साहेब होते. त्यांनी विचारलं, "करता काय?"

"दुरुस्ती करतो" म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण मी म्हणालो, "हवेतून माहिती पाठवतो. रेडिओ लहरींवर."

त्यांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं. "लहरी तर तुम्ही दिसताच. एकदा डोळ्यांनी बघू द्या, मग पुढची बोलणी."

म्हणजे माझं लग्न आता नखाएवढ्या चिपवर लटकलं होतं.

खाडीकडे बर्फाचा कारखाना होता. त्याची मालकीण सगळ्या बाजाराची मावशी. गल्लीच्या एका बाजूला तिची कचेरी, दुसऱ्या बाजूला मासळी तोलायची शेड. दोन्हीकडे संगणक, मध्ये वायर, आणि ती वायर बर्फाचे ट्रक हटकून तोडायचे. मी मावशीला पत्त्याएवढं कार्ड दाखवलं. "या पत्र्याच्या झाकणाखाली चिप आहे ना, ती म्हणजे अख्खं रेडिओ स्टेशन. वारा असला तर थेट उरणला पोचेल!" खरं तर ती जेमतेम गल्ली ओलांडायची, तीही धापा टाकत.

"वायर नाय, मंग वजन येनार कसं? पान्यातून पवत?" मावशीने विचारलं. पण कार्डं बसवू दिली.

कार्डं चालू झाली आणि मी लगेच साहेबांना बोलावलं. देहाने ते भरभक्कम. किती? आत आले तेव्हा खोलीत संध्याकाळ झाली. पलीकडे शेडमध्ये मावशीची सून वजनं टाइप करत होती, इकडे पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. सुरमई. पापलेट. साहेब "हं" म्हणाले आणि लपवलेली वायर शोधायला सरळ शेडकडच्या खिडकीत जाऊन उभे राहिले.

पडदा जागच्या जागी गोठला.

कारण मला कळलं होतं. या लहरी पाण्यात जिरतात, आणि माणूस म्हणजे पाण्याचा माठ. आमचे होणारे सासरे तर रांजण! पण मुलीच्या बापाला "सरका" कोणत्या तोंडाने म्हणायचं?

"काका, खुर्ची घ्या ना."

"नको. बरा आहे."

"चहा तिकडे ठेवलाय."

"इथेच द्या."

"कारखाना त्या दारातून फार छान दिसतो."

"बर्फच ना?" ते पडद्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "बंद पडलं वाटतं."

एवढ्यात मावशी आत आली. मी तिच्या कानात कुजबुजलो, "मावशी, साहेब आडवे येतायत."

मावशीचा गळा मासळीच्या लिलावात तयार झालेला. हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं.

"ओ सायब! तुमी पोराच्या आडवं कशाला येताव?"

साहेब लालबुंद. "मी? मी कशाला आडवा येऊ? मुलीची पसंती आहे, मुलगा जरा वाचाळ असला तरी बरा आहे. मी तर हो म्हणायलाच आलो होतो!" आणि जाब विचारायला ते तरातरा मावशीपर्यंत गेले.

खिडकी मोकळी झाली. अडकलेली मासळी पडद्यावर एकदम कोसळली: बांगडा, हलवा, कोळंबी, पुन्हा बांगडा.

साहेब बघतच राहिले. "चाललं की!"

"तुमी हो बोललात, तवा चाललं," मावशी म्हणाली.

यावर शास्त्र समजावून सांगायची मला नामी संधी होती. जन्मात पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं.

ते बंद ठेवल्याचं फळ अजून भोगतोय. घरात नेट अडलं की सासरेबुवा, असतील त्या खोलीतून, खणखणीत आवाजात ओरडतात, "माझी काही हरकत नाही!"