न बोलणारी यादी

मुकुंद उद्या कामावर जाईल की नाही, हा घोर काही केल्या सुटत नाही. आज तो जेवला नाही. ताटातली भाकरी तशीच ठेवून उठला.

मुकुंद माझा थोरला. दहावीनंतर त्याची नजर हळूहळू गेली. संगणक तो कानांनी शिकला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. बाणाची कळ दाबली की एकेक ओळ बोलतो. त्या प्रोग्रॅमच्या इंग्रजी उच्चारात भोकरदन या गावाच्या नावाचं जे काही व्हायचं, ते ऐकून मुकुंद पोट धरून हसायचा. गेल्या वर्षी इंटरनेटवरची पानं बनवणाऱ्या जालन्यातल्या नरहररावांनी त्याला, ती अंधांना वापरता येतात का ते तपासायला कामावर ठेवलं.

आमच्या घरात एक रीतच पडून गेली आहे. लग्नकार्यात मी त्याच्या डाव्या हाताला उभी राहते आणि समोरून कोण येतंय ते हळूच सांगते. मग तो हात जोडून म्हणतो, "नमस्कार काकासाहेब, गुडघा काय म्हणतोय?" पायऱ्या, उंबरे, खुर्च्या त्याला पाठ असतात. "दिसत नाही हे अजिबात कळत नाही हो," असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं. त्यालाही वाटतं.

नरहररावांनी अंध मुलांच्या नोकरी-प्रशिक्षणासाठी एक पान केलं. वर्गाचं गाव निवडायची यादी साधी न ठेवता रंगीत, चित्रांची केली. डोळ्यांना नावं दिसत होती, पण मुकुंदच्या प्रोग्रॅमला तिथे काहीच सापडेना. बाण दाबला की नुसती शांतता. गावांची नावं मात्र मुकुंदनेच टाईप केलेली, क्रम पाठ. अंदाजाने तो भोकरदनवर आला आणि एंटर दाबलं. मागे उभे असलेले नरहरराव म्हणाले, "वा, बरोबर." यादी बोलत नाही, हे त्याने सांगितलंच नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या उषाला तो क्रम पाठ नव्हता. ही मुलगी अंधशाळेत संगणक शिकलेली. तिने कुणाची मदत न घेता अर्ज भरला, आणि यादी पहिल्याच नावावर, अंबडवर, राहिली. आई तिला घेऊन भोकरदनच्या वर्गाला गेली, तर तिथे तिचं नाव नाही. दिसणाऱ्याकडून भरून घ्यायचं ना, असं म्हणून लोक हसले.

पानावर मदतीसाठी मुकुंदचा नंबर आहे. आज दुपारी उषाच्या आईचा, सोनूबाईंचा, फोन आला. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"सगळ्यांसमोर हसले माझ्या पोरीला. तुम्ही डोळेवाले लोकं. तिचं काय होऊन राह्यलं, तुम्हाला काय कळायचं?"

मुकुंद म्हणाला, चूक आमची आहे, भोकरदनला जागा मिळवून देतो.

"जागा न्हाई पाह्यजे. ती म्हणती, आता मंग कोणत्याच वर्गाला जात न्हाई." फोन बंद झाला.

त्याने लगेच नरहररावांना सगळं सांगितलं. ते चिडले, पण उषाची जागा राखून ठेवू, यादी साधी करू म्हणाले. पण जागा राखून काय उपयोग, उषाच येत नाही म्हणते. मी मुकुंदला विचारलं, तुलाही दिसत नाही हे सोनूबाईंना का नाही सांगितलंस?

तो म्हणाला, "आपण कधी सांगितलंय कुणाला?"

रागाने बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने नुसतं विचारलं. मी भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिले. इतकी वर्षं त्याच्या कानाशी मी लोकांची नावं सांगत आले; त्याच्याबद्दलचं एक साधं वाक्य मात्र लोकांना सांगितलं नाही.

सोनूबाईंचा नंबर त्याच्या मोबाईलवर आहे. उद्या सकाळी त्याला शेजारी बसवून मीच तो लावणार आहे. काल तुमच्याशी बोलला तो माझा मुलगा, त्यालाही दिसत नाही, एवढं मी सांगेन. आणि उषा जवळ असेल, तर फोन त्याच्या हातात देईन.