आत्ता नको

परवा नातवाला गोवराची लस द्यायला सुनेबरोबर गावातल्या उपकेंद्रात गेले होते. सुई टोचल्यावर तो जेमतेम दोन मिनिटं रडला आणि तिच्या खांद्यावर झोपून गेला. कार्ड भरता भरता नर्सबाईंनी विचारलं, "दुसऱ्याचा विचार कधी?"

"आत्ता नको," सून म्हणाली. "माझं बी.ए. पूर्ण होऊ दे, मग बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही की आवाज खाली केला नाही. खोटं कशाला सांगू, मी आतून जळलेच. 'आत्ता नको' म्हणता येतं हे मला कधी सुचलंच नव्हतं, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. एक मूल रांगायला लागेतो दुसऱ्याची चाहूल लागायची. सासूबाई म्हणायच्या, "होऊ देत. जगतील तेवढी आपली." त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांनी तेच पाहिलं होतं. माझी दोन गोवरानेच गेली, आठ दिवसांच्या अंतराने. ही सुई तेव्हा आमच्या गावात पोचली नव्हती. सुनेच्या बी.ए.चा हेवा करावा की नातवाच्या त्या दोन मिनिटांच्या रडण्याचा, मला ठरवता येईना.

"आजी, तुम्हाला किती मुलं?" नर्सबाईंनी सहज विचारलं.

इतकी वर्षं मी 'तीन' सांगत आले.

"पाच," मी म्हणाले.

सून चमकली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "आई, त्या दोघांची नावं काय होती?"

घर येईपर्यंत मी तिला दोघांबद्दल सांगत राहिले.