तन्वीच्या कागदावरचे दोन शब्द

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि शाळेत तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळख असलेल्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही — बघितलंय करून, दोनदा.

पण आधी त्या वर्गाचं सांगू द्या.

विरार पूर्वेला, चंदनसारच्या बाजूला आमची शाळा आहे. बैठ्या खोल्यांच्या दोन रांगा आणि मधे मैदान. माझ्या चौथीच्या वर्गाला छताखाली जाड, मऊ चौकोन बसवलेत, खिडक्यांना जड पडदे आहेत, मागच्या भिंतीवर सबंध कापडी फळा आहे आणि प्रत्येक बाकाच्या पायांत रबराचे बूट आहेत. एवढंच. काम पूर्ण झालं त्या दिवशी मी आत शिरले आणि दारातच थांबले. मला वाटलं, माझ्याच कानात दडे बसले. मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने पेन्सिलीला टोक करायला घेतलं, आणि ती शार्पनरची करकर मला फळ्यापाशी ऐकू आली. अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे मी. एका खोलीत बेचाळीस मुलं श्वास घेतात त्याचाही आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई रागावल्या.

लोक येतात हा वर्ग बघायला. मुख्याध्यापक सांगतात, 'सगळं आमच्या बाईंच्या पाठपुराव्यामुळे.' माझा सत्कारही झाला, शाल आणि नारळ. त्या नारळाच्या वड्या केल्या मी. खाल्ल्यासुद्धा.

पूर्वी हाच वर्ग घुमायचा. वर उघडा पत्रा, खाली गुळगुळीत लादी, पलीकडे नव्या इमारतींची कामं — दिवसभर ड्रिल आणि काँक्रीटचा मिक्सर. एक बाक सरकला की तो आवाज चारही भिंतींना भेटून परत यायचा. मला त्याचं काही नव्हतं. का असावं? माझा आवाज खणखणीत. स्नेहसंमेलनात मला माईक लागायचा नाही, मी तो हाताने बाजूला सारायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. शेजारच्या वर्गातल्या बाई म्हणायच्या, 'तुम्ही शिकवता तेव्हा माझीही मुलं शिकतात.' हे मी किती जणांना ऐकवलं असेल, विचारू नका.

तन्वी माझ्याकडे तिसरीत आली. चांदीप गावची, भातशेतीवाल्या घरातली, दोन्ही कानांत मशीन. पहिल्या दिवशी तिची आई हात जोडून म्हणाली, "बाई, तिला कानान कमी येते, पन पोरगी हुशार हाय. तेवढी पुढं बसवा." मी पुढे बसवली. माझ्या मते विषय संपला.

मग मुख्याध्यापकांकडे एका संस्थेच्या ताई येऊन गेल्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी वर्गखोल्या सुधारून देणारी संस्था. सामान एका खोलीपुरतं होतं आणि तालुक्यातल्या ज्या खोलीला गरज जास्त तिला ते मिळायचं. त्यासाठी साधी चाचणी: वर्गशिक्षिकेने ओठ दिसू नयेत म्हणून वहीआड तोंड धरून वीस शब्द वाचायचे, मुलांनी लिहायचे, ताई मागे आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभ्या राहणार. वाचायचे शब्द त्यांनी पाकिटात घालून चार दिवस आधी माझ्यासाठी ठेवले होते.

आता, आमच्याकडे बाहेरचं कुणी येणार म्हटलं की ती तपासणी. तपासणी म्हटलं की तयारी. साहेब सातचा पाढा विचारणार असं कळलं की आठवडाभर वर्ग दुसरं काही म्हणत नाही. मी पाकीट फोडलं आणि ते वीस शब्द मुलांना शुद्धलेखनाला घातले. चारही दिवस. तन्वीला तर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. तिने चौथ्या दिवशी ती यादी डोळे मिटून क्रमाने लिहून दाखवली.

तुम्ही म्हणाल, गैरसमज झाला बाईंचा. सवयीने झालं. मलाही असं म्हणायला आवडलं असतं. पण पाकिटातल्या चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं — ही खोलीची चाचणी आहे, मुलांची किंवा शिक्षकांची नाही. शब्द मुलांना आधी दाखवू नयेत. मी ते वाचलं होतं. वाचूनही मला एकच दिसत होतं: माझ्या वर्गातल्या मुलीला माझा आवाज ऐकू येत नाही, असं कुठल्यातरी कागदावर लिहिलं जाणार.

आणि एवढंच असतं तरी — नाही, एवढंच नाही. अजून मुख्य गोष्ट सांगितलीच नाही मी.

चाचणीच्या दिवशी मी तोंडापुढे हजेरीपट धरून वाचायला लागले. आठ शब्द नीट गेले. तेवढ्यात बाहेर मिक्सर सुरू झाला, माझी नजर हलली आणि मी यादीतल्या 'मासा'च्या आधी त्याच्या पुढचा 'दिवा' वाचला. दिवा, मग मासा. मागे ताईंनी आपल्या कागदावर बाणाची खूण केली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण मी तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली होती. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. मी पुढे वाचत गेले.

कागद मी गोळा केले, हजेरीच्या क्रमाने लावून देते म्हणून. ताई पाठमोऱ्या होत्या, यंत्र पिशवीत भरत होत्या. तन्वीचा कागद हातात आला. वीस शब्द, सुरेख अक्षर. मासा, मग दिवा.

कळलं ना तुम्हाला? मलाही तिथल्या तिथे कळलं. पहिल्या बाकावर, माझ्यापासून चार पावलांवर बसून तिने माझा एकही शब्द ऐकला नव्हता. शेजारणीची पेन्सिल हलली की ही पाठ केलेला पुढचा शब्द लिहीत होती. आणि मग मागचं सगळं डोळ्यांपुढून गेलं — ती सगळ्यांबरोबर उभी राहायची पण किंचित उशिरा, सगळ्यांबरोबर हसायची पण हसू संपता संपता. त्या गोंगाटात कुणाचं मनगट, कुणाचा ओठ, कुणाची मान बघून ही आठ वर्षांची पोर दिवसचा दिवस स्वतः जुळवत होती, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. एवढं काम मी जन्मात केलेलं नाही.

त्या क्षणी मला ते दिसलं. अगदी लख्ख दिसलं. आणि मी तिच्याच बाकावरचं खोडरबर उचललं, ते दोन शब्द पुसले, आणि तिच्यासारखं अक्षर काढून लिहिलं: दिवा. मासा.

तन्वी बघत होती. तिला वाटलं, आपलंच चुकलं आणि बाईंनी सांभाळून घेतलं. ती हळूच म्हणाली, "सॉरी बाई."

संस्थेचं उत्तर आलं: या वर्गात मुलीला व्यवस्थित ऐकू येतं, सध्या गरज नाही. सामान दुसऱ्या शाळेला गेलं.

ती एकूण दोन वर्षं माझ्या हाताखाली होती, तिसरी आणि चौथी. तिला ऐकू येत नाही हे शाळेत एकट्या मला माहीत होतं, आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्गात लक्ष देत नाही' असा शेरा मीच लिहिला. ऐकू येतं असं सिद्ध केल्यावर दुसरं काय लिहिणार होते? तिच्या आईने तो शेरा कुणाकडून तरी वाचून घेतला आणि माझ्यासमोर तिच्या पाठीत धपाटा घातला. मी म्हटलं, 'अहो, मारू नका.' तेवढंच म्हटलं. पुढे तन्वीने हात वर करायचं सोडून दिलं.

ती सहावीत गेल्यावर माझ्या वर्गात कानांत मशीन असलेला एक मुलगा आला. त्याच ताई पुन्हा आल्या. या खेपेला मी कुणाला काही पढवलं नाही. त्याने विसांतले सहा शब्द बरोबर लिहिले. सामान मिळायला वर्ष लागलं, आणि मी खरंच मागे लागले होते — मुख्याध्यापक खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांना अर्धंच ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात तन्वी सूचनावही घेऊन माझ्या वर्गावर आली. आता आठवीत आहे, उंच झाली आहे. मी फळ्यावर लिहीत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून ती दिसली आणि मी मुद्दामच वळले नाही. पाठमोरीच, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तन्वी, वही टेबलावर ठेव ग."

"हो बाई."

वही ठेवल्याचा आवाज आला. माझा खडू थांबला. दोन वर्षांत मी तिला पाठमोरी शंभरदा हाक मारली असेन, आणि तिने एकदाही ओ दिली नव्हती. मी वळले. ती छताकडे बघत होती, मग बाकांच्या पायांतल्या रबरांकडे, मग माझ्याकडे. तक्रार नव्हती तिच्या तोंडावर. नवं काही बघितल्यावर लहान मुलांचा चेहरा होतो ना, तसा झाला होता.

"बाई," ती म्हणाली, "तुमचा आवाज असा हाय?"

मी सही केली आणि वही तिच्या हातात दिली. ती दाराबाहेर पडेपर्यंत तिच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. तिचा वर्ग मैदानापलीकडच्या रांगेत आहे, आणि त्याच्यावर अजून उघडा पत्रा आहे.