वॉटर हीटरजवळची खुर्ची

श्रीधरकाका आपल्या लाडक्या बँडचं नाव कधी तोंडाने घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसे ते ‘आपले चौघे’ म्हणायचे. साठच्या दशकातल्या इंग्लंडच्या त्या चार पोरांनंतर रॉक संगीतात जे काही झालं ती नुसती धुणीभांडी, असं त्यांचं ठाम म्हणणं. त्याच काळातला, त्याच देशातला दुसरा गाजलेला बँड म्हणजे ‘ते पाच जण’. हे म्हणताना काकांचा चेहरा चहात माशी सापडल्यासारखा व्हायचा.

आमची पहिली भेट अमेरिकेतल्या ट्रॉय गावात, गणपतीच्या पॉटलकला झाली, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला. मी नागपूरहून नुकताच आलेला आणि छाप पाडायला टपलेला. मागे कुणाच्या तरी फोनवर चौघांचं गाणं लागलं होतं. मी शेजारच्याला म्हणालो, “यांच्यापेक्षा ते दुसरे पाच जण भारी, यार. हे जरा बाळबोध वाटतात.” खरं तर दोघांचंही एकसुद्धा गाणं मी धड ऐकलेलं नव्हतं. मसालेभात वाढणाऱ्या गृहस्थांचा डाव माझ्या प्लेटवर अधांतरी थांबला.

“हे मत झालं,” ते म्हणाले. “मुद्दा आहे का काही?”

नव्हता. “मग शनिवारी दुपारी घरी या. मुद्दा घेऊन या,” असं म्हणून त्यांनी भात वाढला. काजू बाजूला सारून.

अशा रीतीने मी त्या पाच जणांचा वकील झालो. काकांच्या बेसमेंटमध्ये रेकॉर्ड प्लेयर होता आणि दोन खुर्च्या. खिडकीखालची त्यांची, वॉटर हीटरजवळची विरोधकाची. हीटर मधूनच गुरगुरायचा आणि ऐन मुद्द्यावर माझी तंद्री मोडायचा. काकांचा जन्म गाड्यांचे ब्रेक डिझाइन करण्यात गेलेला. ते म्हणत, “ड्रमर कोण मोठा? ज्याला ब्रेक कुठे मारायचा ते कळतं तो. अॅक्सिलरेटर काय, कुणीही दाबतं.”

मी ऑफिसला ड्राइव्ह करताना गाणी ऐकून तयारी करायचो. एकदा एका गाण्यावर इतका रंगून बोललो की वर काकूंनी मिक्सर बंद केला. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फार सुरेख बोललास. आमच्याच गाण्याबद्दल.”

ते वर जाऊन काकूंना सांगून आले. पुढच्या गणपतीत मला ते गाणं वाजवून दाखवण्यात आलं.

अशी कित्येक वर्षं गेली. कुणीच कधी हरलं नाही. मग काकांच्या फुप्फुसांचा आजार बळावला. डॉक्टरांनी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं. काकांनी घरात नियम केला, “आजाराचं काय ते वर बोला. खाली फक्त बँड.”

त्या शनिवारी जिन्याच्या तोंडाशी सुमनकाकूंनी मला थांबवलं. “मंदार, नेहमीसारखं भांड हं. बाकी काही करू नकोस. तेवढ्यासाठीच ते जिना उतरतात.”

एवढं एकच काम होतं माझ्याकडे. मुद्दाही तयार होता. पण नाकाला ऑक्सिजनची नळी लावून काका खिडकीखाली बसले होते. “बोल” एवढा एक शब्द म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. आणि माझी जीभ भलतीकडेच वळली.

“काका, मी खूप विचार केला. तुमचंच बरोबर आहे. चौघेच ग्रेट.”

हीटर गुरगुरला. 

“हे मत नाही,” काका म्हणाले. “मुद्दाही नाही. ही दया झाली.” मग जरा थांबून, “इतका वाईट दिसतो का रे मी?”

“नाही हो काका, मी अगदी मनापासून...” मी खड्डा आणखी खोल करायला घेतला.

“ऊठ तिथून.”

मला वाटलं, हाकलतायत. पण ते स्वतःच उठले, नळी सावरत हळूहळू आले आणि वॉटर हीटरजवळच्या माझ्या खुर्चीत बसले. खिडकीखाली बोट दाखवून म्हणाले, “आजपासून पाच जण माझे. चौघांना तू सांभाळ.”

आणि तो माणूस सुटला. “तुझ्या चौघांना ब्रेक कळतो, मान्य. पण आधी गाडी तर रस्त्यावर आण. कॉन्सर्ट सोडून स्टुडिओत जाऊन बसले ते. आमचे पाच जण बघ, म्हातारे होईस्तोवर स्टेजवर उभे. उभं राहायला,” इथे ते बराच वेळ थांबले, “दम लागतो.”

मी त्यांचेच जुने मुद्दे एकेक करून काढले. त्यांनी ते एकेक करून फोडले. आपले मुद्दे कुठे कच्चे आहेत हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. मला एकही सापडला नव्हता. निघताना म्हणाले, “पुढच्या शनिवारी नीट तयारी करून ये.”

मी तयारी केली. शनिवारच्या आधीच काकूंचा फोन आला.

फ्युनरल होममध्ये त्यांची मुलगी मीरा माझ्याजवळ आली. “डॅड सेड यू विल पिक द म्युझिक,” ती म्हणाली. काका जाता जाता मला असे कात्रीत पकडून गेले. त्यांच्या जन्माचं प्रेम चौघांवर, आणि शेवटची बाजू पाच जणांची.

मी खूप वेळ घालवला. शेवटी म्हणालो, “चौघांचं लाव.”

आणि थांबलो. मीराने मान डोलावली. काकूंनीही डोलावली. मुद्दा काय, असं हॉलमधल्या कुणीच विचारलं नाही.