फेकायचं पाणी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलच्या कॅन्टीनमध्ये केवलरामच्या भुकेवर पैजा लागत, आणि त्याच्या विरुद्ध पैज लावणारा नेहमी तोंडघशी पडे. माणूस भंडारा जिल्ह्यातला, साकोलीजवळच्या धानाच्या गावातला. भात म्हणजे त्याच्यासाठी जेवणातला एक पदार्थ नव्हता, भात म्हणजेच जेवण, बाकी सगळं तोंडी लावणं. त्याची आई भाताची पेज कधी ओतून देत नसे. चिमूटभर मीठ घालून ती पोरांना पाजायची आणि म्हणायची, अन्नाचं पाणी सांडलं की त्यावरून लक्ष्मी घसरते. भिलाईत आल्यावर शेजारचे छत्तीसगढी लोकही तीच पेज पसिया म्हणून पितात हे त्यानं पाहिलं, तेव्हा हे गाव त्याला एकदम आपलं वाटलं.

त्याची बायको रंभा मात्र चिमणीसारखी जेवणारी. तिचा रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला होता आणि तो कोणी मोजला नाही. डोकं दुखलं की ती बाम चोळायची. पाय सुजले की म्हणायची, उभं राहून सुजले असतीन. खरं कळलं तेव्हा दोन्ही किडन्या बसल्यात जमा होत्या. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. केवलराम तिला स्कूटरवर नेई आणि परत आणी. परतताना मागे कोणी बसलंय की नाही हे त्याला हात मागे नेऊन चाचपून बघावं लागे, इतकी ती हलकी झाली होती.

सेक्टर दहामधल्या त्यांच्या कंपनीच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर तेव्हापासून केवलरामच्या हाती आलं. आयत्या ताटावर बसणारा गडी कांदा चिरायला शिकला. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की रंभाची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं, कारण भाजीतले जे क्षार तिच्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाहीत ते त्या पाण्यात उतरतात. केवलराम सगळं सांगितल्याप्रमाणे करी. फक्त मोरीत पाणी ओतताना त्याचा हात अडखळे. रंभा खाटेवरून सांगायची, "फेका ना ते. कायले पाहून राहिले?"

मग किडनी बदलण्याची गोष्ट निघाली. मुलगा अंकुर जवळच्याच रसमडा गावच्या कारखान्यात कामाला होता. तो तयार होता, पण त्याचा रक्तगट जुळेना. मुलगी भूमिकाचं लग्न व्हायचं होतं, तिचं नाव रंभानं काढूच दिलं नाही. जुळला तो केवलरामचा. रंभा आधी नाही म्हणाली, मग गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं सगळ्यांनी होकार म्हणून धरलं. रायपूरच्या डॉक्टरांनी केवलरामला तपासून सांगितलं की किडन्या उत्तम आहेत, वजन तेवढं जास्त आहे. शंभर किलोच्या वर गेलेल्या माणसाचं पोट असं उघडता येत नाही. रोज चाला, भात अर्धा करा, सहा महिन्यांत हळूहळू उतरवा, तोवर हिचं डायलिसिस व्यवस्थित चालू राहील.

सहा महिने. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते लग्नाआधीचं. केवलरामनं ते लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बांधलं. दर खेपेला डायलिसिसहून आलेली रंभा भिंतीकडे तोंड करून निजायची, तिच्या पाठीचे मणके पोलक्यातून दिसायचे, आणि हा माणूस बाहेर ओट्यावर जाऊन रडायचा. रडून झालं की स्वतःच्या पोटाकडे बघायचा. आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला, त्या पोटाचा त्याला राग यायला लागला.

पावर हाउसच्या बाजारात चपलांच्या दुकानाच्या वर वजन उतरवून देणारा एक न्यूट्रिशन क्लब होता. तो चालवणाऱ्या शीला मॅडम गोड बोलत आणि हिंदीत बोलत. "भैया, अंदर जहर जमा है. पहले सफाई करो, वजन अपने आप गिरेगा." केवलरामला ही भाषा समजली. भट्टीतून निघालेल्या लाल लोखंडावर काळी पपडी धरते, आणि मिलमध्ये लाटायला घेण्याआधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी ती उडवतात. जन्मभर त्यानं तेच पाहिलं होतं. माणसाच्या आतही तशीच पपडी असणार, हे त्याला तिथल्या तिथे पटलं.

अरे पण बाबा, त्या घरात रक्त साफ करून घ्यायची गरज एकाच माणसाला होती, आणि त्यासाठी मोठं यंत्र लागत होतं. तुझं रक्त साफ करणाऱ्या दोन किडन्या ठणठणीत होत्या. त्यांच्याच भरवशावर तर सगळं ठरलं होतं. पण हे त्याला सांगणार कोण? त्यानं कोणाला विचारलंच नाही.

भात बंद झाला. सकाळी पालकाचा रस, दुपारी चुकंदराचा, म्हणजे बीटचा, आणि आवळ्याचा, संध्याकाळी पुन्हा पालक. शीला मॅडमनी सांगितलं होतं की भाज्यांचं सगळं सत्त्व पाण्यात असतं. ते ऐकल्यापासून रंभाच्या भाजीचं उकडलेलं पाणीही मोरीत जाईना. मीठ आणि लिंबू घालून केवलराम ते उभ्याउभ्या पिऊन टाकी. आईचं म्हणणं पाळल्याचं समाधान त्याला वर मिळे.

आणि वजन खरंच उतरलं. पँट सैल झाली, मिलमधले लोक कौतुक करायला लागले. रंभा एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"एवढे कावून उतरून राहिले तुमी?"

"डॉक्टरनंच सांगतलं ना उतराले," केवलराम म्हणाला. हे अर्धं खरं होतं.

पुढे त्याला मळमळायला लागलं. लघवी कमी झाली, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली. क्लबात म्हणाले, जहर निघताना असा त्रास होतोच. ज्या घरात अशीच सूज एकदा दुर्लक्षून एवढं महाभारत झालं होतं, त्याच घरात ती दुसऱ्यांदा दुर्लक्षली गेली. काट्यावर हवं ते वजन दिसलं त्या दिवशी केवलरामनं अंकुरला रजा टाकायला लावली आणि ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी दोघे रायपूरला गेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि त्याला घरी सोडलंच नाही. पुढच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी, काय काय खात होता, हे खोदून विचारलं. केवलरामनं सगळं सांगितलं, त्या पाण्याचंही. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की पालक, चुकंदर ही भाजी म्हणून चांगलीच आहे. पण इतक्या रसातून, वर इतक्या आवळ्यासोबत, त्यातलं एक द्रव्य एवढं साठलं की त्याचे बारीक कण किडनीत जाऊन रुतले. "जो सफाई कर रही थी, आपने उसी को भर दिया," ते म्हणाले. औषधांनी किडन्या बऱ्याच सुधारतील, स्वतःपुरत्या चालतील. पण यातली एक काढून आता कोणालाही देता येणार नाही.

"हळूहळू कराले सांगतलं होतं ना बाबा," अंकुर एवढंच म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

केवलराम बरा होऊन घरी आला. तोवर रंभाला एवढंच सांगितलं होतं की पोट बिघडलं म्हणून ठेवून घेतलंय. खरं तुम्हीच सांगा, असं अंकुरनं बजावलं होतं. संध्याकाळी ती खाटेवर बसली होती. केवलराम खाली जमिनीवर बसला.

"रंभा, माही किडनी आता तुले देता येनार नाई."

"कावून?"

त्यानं क्लब सांगितला, रस सांगितले, पाणी सांगितलं.

"माह्याकडून घाई झाली," तो म्हणाला. "तू दिवसेंदिवस कमी होऊन राहिली होती. मले पाहवत नव्हतं."

मग तो थांबला. दूध नासलं, कपबशी फुटली, पोरगं नापास झालं, कशावरही रंभाचं एकच म्हणणं असायचं, जाऊ द्या. तो त्याचीच वाट पाहत होता.

"तुमाले पाहवत नव्हतं," रंभा हळू आवाजात म्हणाली. "मले तर थांबता येत होतं. सा महिने मी काढले असते, अजून सा काढले असते. तुमी मले इचारलं बी नाई. मले जगाचं होतं हो."

तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं केवलरामला आठवेना. आज तिनं मागितलं होतं, आणि जे मागितलं ते त्याच्याकडे काही महिन्यांपूर्वीपर्यंत होतं.